डोकं हलवू नकोस

माझ्या धंद्यात माणसाची पारख मानेवरून होते. मान स्थिर ठेवतो तो गुणी, मान हलवतो तो द्वाड, आणि मान हलवून वर भोकाड पसरतो त्याच्या आईला मी पुढच्या वेळी सकाळी लवकर, गर्दी नसताना यायला सांगते. मी फक्त लहान मुलांचे केस कापते. सगळी मुलं मला कात्रीमावशी म्हणतात. त्यांच्या आया मला जरा वचकून असतात, कारण लेकरू त्यांचं असलं तरी कात्री माझ्या हातात असते.

दुकान म्हणजे एक खोली. समोर भिंतभर आरसा, दोन फिरत्या खुर्च्या आणि मागे एक बाक. खुर्च्या मोठ्या माणसांच्या मापाच्या आहेत, म्हणून हातांवर आडवी फळी टाकायची आणि त्या फळीवर मूल बसवायचं. फळी बाबांच्या वेळची. दुकानही त्यांचंच. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते बाकावर बसून पेपर वाचतात आणि माझ्या कामात खोट काढतात.

दोन वर्षांपूर्वी मी दुकानात टॅब आणला. आरशाच्या डाव्या बाजूला, खाली, एका स्टँडवर बसवला. डावीकडेच का, तर प्लग तिथे होता. मूल फळीवर बसलं की कार्टून सुरू. बस्स! लाथा बंद, किंचाळणं बंद, चादरीतून हात बाहेर काढून कात्री धरणं बंद. पहिल्या दिवशी दुकानात इतकं सामसूम झालं की शेजारचा चष्मेवाला चौकशीला आला, "दुकान बंद केलंत की काय?"

कापून झालं की मी मुलाच्या मागे छोटा आरसा धरून विचारायचे, "कसं झालं?" आणि मुलं चकित होऊन म्हणायची, "झालं? कधी कापलेस?" ही माझ्या हलक्या हाताची तारीफ आहे, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. माणसाने किती मूर्ख असावं, याला काही मर्यादा नाही.

माझी मुलगी सात वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तिच्या पायाला ती जन्मापासूनच आहे. तिचे बाबा लांब पल्ल्याची बस चालवतात, दोन दिवस रस्त्यावर असतात नि तिसऱ्या दिवशी झोपतात. त्यामुळे शाळा सुटली की ती थेट दुकानात. गिऱ्हाईक असलं की त्याच्याबरोबर टॅब बघायची आणि नसलं की एकटी. तीन-तीन तास पापणी हलायची नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्या आयांना कौतुकाने दाखवायचे, "बघा, याला म्हणतात बैठक."

अशा बैठकवाल्या मुलीच्या शाळेतून मला बोलावणं आलं.

भिंगरीच्या वर्गाच्या बाई शांत आहेत. माझ्यासारखा त्यांच्या नाकावर राग नसतो, त्यामुळे त्यांच्याशी भांडायलाही येत नाही. त्या म्हणाल्या, "ती वर्गात असते, पण नसते. मी गोष्ट वाचायला घेतली की पहिल्या वाक्याला खिडकी, दुसऱ्याला पेन्सिल, तिसऱ्याला शेजारणीची वेणी. एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडून देते. मध्येच विचारलं, काय झालं गोष्टीत, तर तिला कशाचाच पत्ता नसतो."

"बाई, माझी मुलगी एका जागी तीन तास बसते," मी म्हटलं.

"काय करत?"

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"घरी स्क्रीन किती वेळ असतो?" त्यांनी विचारलं.

"घरी? अजिबात नाही!" मी ठणकावून सांगितलं. हे खरंच होतं. घरी आमच्याकडे टॅब नव्हता, तो दुकानात होता.

बाईंनी वही मिटली. "आपण पंधरा दिवस बघू. पुढच्या पुढच्या शुक्रवारी मी तिला एक छोटी गोष्ट वाचून दाखवेन. तिने ती ओळीने परत सांगायची, एवढंच. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर वर्षभर वाचनाच्या तासाला तिला पहिलीत बसवावं लागेल. शिक्षा म्हणून नाही. तिथे सगळं हळू चालतं, म्हणून."

भिंगरी दुसरीत आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण पिटुकली शेजारच्या बाकावर बसते. हे ऐकल्यावर तिने घरी जे रडं काढलं, ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. "मी नाही जाणार पहिलीत! पहिलीतल्या मुलांना नाकसुद्धा पुसता येत नाही!" तिचं नाकही तेव्हा वाहतच होतं, पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

मी बाबांपुढे बाईंना यथेच्छ शिव्या घातल्या. बाबा नुसतं "हं" म्हणाले. बाबांचं "हं" हे न्यायाधीशाच्या निकालासारखं असतं, फक्त निकाल कोणाच्या बाजूने लागला ते कळायला दोन-तीन दिवस लागतात.

तेवढ्यात शाळेतून वर्गाचा फोटो आला. चोवीस मुलं, तीन रांगा. मी आपली भिंगरी शोधून मोकळी झाले, पण बाबांनी चष्मा लावला, फोटो नाकाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"ही पोरं वाकडी का दिसतायत?" ते म्हणाले.

"कुठे वाकडी? सरळ उभी आहेत."

"पोरं सरळ आहेत. केस बघ."

मी बघितलं. कपाळावरची बट बऱ्याच जणांची तिरकी. एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब. एकाची असती तर फॅशन म्हटली असती. पण चोवीसपैकी पंधरा जणांची, आणि पंधराही जणांची एकाच बाजूला! मी एकेका डोक्यावर बोट ठेवत गेले. पंधराच्या पंधरा माझी गिऱ्हाइकं होती.

"म्हणून फोटोवाले काका सारखा स्टँड हलवत होते," भिंगरी म्हणाली. "म्हणाले, इथली जमीनच उतरती आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं," बाबा म्हणाले, "पण इथे बिचारं अंगण सरळ होतं."

मला एका क्षणात सगळं कळलं आणि कान तापले. टॅब डावीकडे, खाली. पंधरा डोकी डावीकडे झुकलेली. आणि मी आरशात बघून सरळ रेषेत कात्री चालवत होते. घरी जाऊन डोकं सरळ झालं की बट वाकडी. दोन वर्षं मी गावभर वाकडे केस वाटत होते आणि एकाही आईच्या ते लक्षात आलं नाही, कारण तिच्या घरातलं मूल एकच होतं.

"आमच्या वेळी डोकी हलायची," बाबा म्हणाले, "पण मूल खुर्चीत असायचं. तुझ्याकडे मान स्थिर असते गं, पण मूल तिथे नसतंच. कधी कापलेस म्हणतात ना? त्यांना खरंच माहीत नसतं."

मला फार वाईट वाटलं. केसांचं नाही, केस वाढतात. भिंगरीला मी दोन वर्षं त्या डाव्या कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि वर त्याला बैठक म्हणून मिरवलं, याचं. मी टॅब काढून खणात टाकला आणि किल्ली बाबांकडे दिली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

पुढचा आठवडा दुकानात नुसता धुमाकूळ होता. एका साडेतीन वर्षांच्या गृहस्थांनी माझं बोट चावलं. एक मुलगी चादरीसकट रस्त्यावर पळाली. दोन आयांनी तोंडावर सांगितलं की टॅब नसेल तर आम्ही दुसरीकडे जातो, आणि त्या गेल्याही. चष्मेवाला पुन्हा डोकावला. या वेळी त्याने काही विचारलं नाही, कानात कापूस घातला.

पण खरा प्रश्न भिंगरीचा होता. टॅब खणात टाकला त्या दिवशी पंधरा दिवसांतले बारा उरले होते. मी त्याच दिवशी बाबांना विचारलं, "तुम्ही पोरांना कसं बसवायचात?"

"गोष्ट सांगायचो."

"ते आठवतंय मला. पण पोरं हलायची नाहीत?"

"हलायची ना. पण खरं घोडं पेंड खायचं कानाशी," बाबा म्हणाले. "कानामागचे केस कापताना माझं सगळं लक्ष कात्रीच्या टोकावर. गोष्ट पार डोक्यातून जायची. कान संपला की मी पोराला विचारायचो, कुठे होतो रे आपण? मला खरंच आठवायचं नाही! मग ते पोर सांगायचं. त्याला गोष्ट पुढे हवी असायची, तर त्यालाच ती धरून ठेवावी लागायची. एका डोक्याला दोन कान. म्हणजे दोनदा."

मला हसू आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबा मुद्दाम विसरतात.

त्या संध्याकाळी दुकान आवरल्यावर मी भिंगरीला फळीवर बसवलं. तिचे केस खांद्याच्या खाली होते. मी ठरवलं, रोज थोडे कापायचे. केस कापल्याशिवाय मला गोष्ट सुचणार नाही आणि कान आल्याशिवाय मी विसरणार नाही. एका टकलू राजाची गोष्ट सुरू केली. त्याने राज्यातले सगळे कंगवे जप्त केले होते.

"टॅब कुठेय?" भिंगरी.

"राजाने एके दिवशी..."

"आई, टॅब कुठेय? आई, ते काय आहे? आई, मला तहान लागली. आई, माझ्या नाकावर केस."

डाव्या कानाशी आले, गोष्ट विसरले. "कुठे होतो आपण?"

"दुकानात," भिंगरी म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राजा." पुढे काही नाही, नुसता राजा. पण मला तेवढ्यानेही इतका आनंद झाला की मी केसांऐवजी माझ्या बोटावर कात्री मारून घेतली.

पाचव्या दिवशी तिने सांगितलं, राजा कंगव्यांच्या खोलीत कोंडला गेलाय. सातव्या दिवशी दाराला बाहेरून कुलूप कोणी लावलं तेही सांगितलं. हलणं मात्र तसूभरही कमी झालं नव्हतं. पाय हलायचे, खांदे हलायचे, डोकं तर वाऱ्यावरच्या फांदीसारखं. मी सारखी ओरडायचे, "डोकं हलवू नकोस! हललीस की गोष्ट बंद!" मला वाटायचं, एवढं एक जमलं की शुक्रवारची चिंता मिटली. बाईंसमोर अशी चुळबुळली तर त्या पहिल्याच मिनिटाला वही उघडतील, अशी माझी खात्री होती.

आठव्या दिवशी मी मानेवरचे बारीक केस काढत होते, तेव्हा ती एकदम खुदकन हसली.

"काय झालं?"

"तू केस कापताना जीभ बाहेर काढतेस."

मी आरशात पाहिलं. खरंच, जिभेचं टोक ओठांत. ते मी घाईने आत घेतलं. बाकावरून बाबा म्हणाले, "तुझी आई तिसऱ्या वर्षापासून काढते. चित्र काढतानाही काढायची." भिंगरीला याची इतकी गंमत वाटली की ती तेवढा वेळ आरशातून माझ्याकडेच बघत बसली. तिचे केस मी जन्मापासून कापतेय. तिने मला कापताना पहिल्यांदा पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरली नव्हती. गोष्ट रोज लांबत होती आणि केस रोज आखूड होत होते. खांद्यावरून मानेवर, मानेवरून कानावर. दहाव्या दिवशी माझ्याकडे राजा होता, प्रधान होता, कंगव्यांचं बंड होतं, पण कापायला काही उरलं नव्हतं. तरी भिंगरी फळीवर चढून बसली. मग मी मशीन काढलं. बाराव्या दिवशी राजाला केस आले आणि माझ्या मुलीचे संपले. डोक्यावर मखमलीसारखं काहीतरी राहिलं, तेवढंच. तिला ते फार आवडलं. वरच्या काकूंनी मात्र हळूच विचारलं, "उवा झाल्या होत्या का हो?"

शुक्रवार उजाडला. वर्ग रिकामा होता. बाईंनी भिंगरीच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सराव केला," मी म्हटलं. याहून जास्त समजावणं मला शक्य नव्हतं.

मला मागच्या छोट्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते. बाईंनी एक जुनं, कोपरे झिजलेलं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या. एक कासव होतं. बगळ्याने त्याला पावसात छत्री दिली होती. ती परत करायला कासव सकाळीच निघालं. मी डोळ्यांत तेल घालून भिंगरीकडे बघत होते. पहिल्याच वाक्याला तिने खिडकीकडे पाहिलं. एक. मग पेन्सिल उचलली. दोन. पाय हलायला लागले. डोक्यावरून हात फिरवला. फळ्याकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, डोकं हलवू नकोस! पण मनातलं ओरडणं कोणाला ऐकू जातं? गोष्ट संपेपर्यंत मी अकरा मोजले. बाईंनीही बघितलं असणारच.

"सांग आता," बाई म्हणाल्या. "ओळीने."

"कासवाला बगळ्याची छत्री द्यायची होती," भिंगरीने सुरुवात केली. "ते सकाळी निघालं. छत्री पाठीवर बांधली. मग टेकडी आली. टेकडीवर ते दमलं आणि थांबलं. मग..."

ती थांबली.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग..." भिंगरीने खिडकीबाहेर पाहिलं. बारा. "मग मधलं नाहीये."

"आठव. घाई नाही."

"नाहीये मधलं."

बाईंनी हळूच वही ओढली. मला वाटलं, संपलं सगळं. डोळ्यांपुढे पहिलीचा वर्ग आला, नाक न पुसणारी मुलं आली, एकटी पिटुकली आली.

"मधलं तुम्ही वाचलंच नाही," भिंगरी म्हणाली.

मी तिच्यावर असे डोळे वटारले, की दुकानातलं कुठलंही मूल जागीच थिजलं असतं. स्वतःला येत नाही तर बाईंवर ढकलायचं! चोराच्या उलट्या बोंबा!

"असं बोलू नये, बेटा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी सगळं वाचलं."

"मग कासव माफी का मागतं?" भिंगरी म्हणाली. "टेकडीवर छत्री होती. मग एकदम बगळ्याच्या घरी येतं आणि म्हणतं, माफ कर. कशाबद्दल? छत्री कुठे गेली?"

बाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. टेकडीचं पान वाचलं, पुढचं वाचलं. मग अंगठ्याने पान चोळून पाहिलं. ते जाड लागलं. त्यांनी नखाने कोपरा उचलला, आणि कर्र आवाज करत दोन पानं एकमेकांपासून सुटली. कोणीतरी कधीतरी त्यांच्यामध्ये काहीतरी गोड सांडलं होतं. आत टेकडीवरचा वारा होता आणि उलटी होऊन आभाळात गेलेली छत्री होती.

बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्या हसल्या, आधी थोडं आणि मग चांगलंच. "पाच वर्षं हे पुस्तक वाचतेय मी. आता नुसतं तोंड वाचतं. पानं कधी चिकटली तेच कळलं नाही. एकाही मुलाने विचारलं नाही." त्यांनी ती दोन पानं भिंगरीला मोठ्याने वाचून दाखवली. ती पाय हलवत, पेन्सिल चावत ऐकत होती. मग तिने सगळी गोष्ट पहिल्यापासून ओळीने सांगितली, छत्रीसकट.

"पहिलीत बसायची गरज नाही," बाई म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही ऐकत होतात ना? तुमच्याही नाही लक्षात आलं?"

"मी तिचं डोकं मोजत होते," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही, आणि मीही समजावलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटत होती. सगळी गोष्ट माझ्याही कानांवर पडली होती, आणि मला विचारलं असतं तर बारा वेळा हललेलं डोकं सोडून मला काहीही सांगता आलं नसतं. वर मी तिलाच खोटं ठरवलं होतं, तेही डोळ्यांनी.

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर मी खाली वाकले आणि तिच्या मखमली डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं," मी म्हटलं. "मघाशी तुझ्यावर डोळे वटारले ना, ते."

"कधी?" भिंगरी म्हणाली. "मला नाही दिसलं. मी छत्री शोधत होते."